चित्रपटांची गाथा कशी तरेल?

१९१३ सालच्या मे महिन्याच्या ३ तारखेला मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला आणि आपल्या देशात चित्रपटाच्या धंद्याचा नारळ फुटला, हे शाळकरी पोरालाही पाठ असते. गेली कित्येक वर्षे मीही ते वर्गात फळ्यावर लिहीत आलो आहे. त्याच्या पुढची गोष्ट फळ्यावर लिहिण्याचा प्रसंग मात्र सहसा येत नाही. तो चित्रपट चार रिळांचा होता. त्यांपैकी आज दोनच रिळे उरली आहेत, एक पहिले आणि एक शेवटचे. मधली दोन कालोदरात गडप झाली. उरलेली दोनही १९१३ सालच्या मूळ चित्रपटाची नसून फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा काढलेल्या आवृत्तीची असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. स्वप्नात दिलेला शब्दही ज्या राजाने मोडला नाही, त्याची गोष्ट आपण अर्धी हरवून बसलो आहोत.

ही गोष्ट आज आठवण्याचे कारण अगदी घरगुती आहे. दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून ज्या वस्तू खाली येतात, त्यांत हल्ली एक खोके हमखास असते. त्यात जुन्या व्हिडिओ कॅसेटी असतात, सीड्या असतात, 'वहिनीसाहेब', 'माहेरची साडी' अशी नावे पुसट झालेली वेष्टने असतात, आणि कुणाच्या तरी लग्नाची एक कॅसेट असते. मग घरात दोन पक्ष पडतात. मुले म्हणतात, सगळे मोबाइलवर दिसते, ही अडगळ कशाला? वडीलधारी माणसे म्हणतात, आपली वस्तू आपल्या हाती असलेली बरी. आमच्या मुरुडात काय किंवा मुंबईत काय, हा वाद सारखाच. चित्रपट वस्तुरूपाने घरी ठेवावा की तारेतून आणि हवेतून येईल तेव्हा पाहावा, याचा निवाडा करण्याआधी शंभर वर्षांच्या इतिहासाची साक्ष काढावी, एवढाच या लेखाचा हेतू.

पहिली साक्ष मूकपटांची. १९१३ पासून पुढच्या वीस-एकवीस वर्षांत आपल्या देशात तेराशेच्या वर मूकपट निघाले. त्यांतले आज कसेबसे तीसएक उरले आहेत, आणि त्यांतही पुष्कळसे तुटक. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. तो आज नाही. १९२५ साली त्यांनी 'सावकारी पाश' काढला. त्यात तरुण शेतकऱ्याचे काम व्ही. शांताराम यांनी केले होते. जमीन सावकाराच्या घशात जाऊन शेतकरी देशोधडीला लागतो, ही त्याची कथा. आमच्या मराठवाड्याला ही कथा आजही परकी वाटणार नाही. परंतु तो मूकपट आम्हाला पाहायला मिळणे नाही. ज्यांनी तो पाहिला त्यांनी जे लिहून ठेवले, तेवढेच आपल्या वाट्याला आले. १९३१ सालचा 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट. त्याचीही तीच गत झाली. मौज अशी की हरिश्चंद्राचीच कथा सांगणारा प्रभातचा 'अयोध्येचा राजा', म्हणजे १९३२ सालचा पहिला मराठी बोलपट, तेवढा वाचला. तो आज आपण पाहू शकतो.

हे असे का झाले? वाचकांना वाटेल की काळाने केले. काळाने थोडे केले, माणसाने अधिक केले.

त्या वेळची फीत नायट्रेटची असे. स्फोटक म्हणून वापरल्या जाणाऱ्या द्रव्याची ती धाकटी बहीणच म्हणायची. एकदा पेटली की पाण्याने विझत नाही, कारण जळायला लागणारा प्राणवायू ती स्वतःच्या पोटातून पुरवते. न पेटवता नुसती ठेवली तरी उष्ण आणि दमट हवेत ती पिवळी पडते, चिकट होते आणि अखेर तिची भुकटी होते. शिवाय कृष्णधवल चित्र उमटते ते चांदीच्या क्षारांमुळे. चित्रपट थिएटरातून उतरला, की रिळांची किंमत त्यांतल्या चांदीपुरती उरे. रद्दीवाला रिळे नेई आणि धुऊन चांदी काढून घेई. चित्रपट म्हणजे हंगामाचा माल, पुढच्या हंगामात नवा माल येणारच, अशी सगळ्यांची समजूत. आपणच तेवढे करंटे निघालो असेही नाही. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस नावाचा एक जादूगार चित्रपटकार होऊन गेला. पहिल्या महायुद्धात त्याच्या चित्रपटांच्या फिती वितळवून सैनिकांच्या बुटांच्या टाचा केल्या गेल्या. उरलेल्या फिती त्याने स्वतःच १९२३ साली हताश होऊन जाळल्या. ज्याची किंमत माणसाला तेव्हा कळत नाही ते तो मोडीत काढतो, हा सगळीकडचाच नियम दिसतो.

या नियमाला आपल्या इकडे एका माणसाने अडवले. १९६० साली पुण्यात प्रभातच्या जुन्या स्टुडिओत सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली आणि १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना केली. तेथे पी. के. नायर नावाचे एक केरळी गृहस्थ आले. १९९१ साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी गोदामे, बंद पडलेली थिएटरे आणि निर्मात्यांची घरे पालथी घालून हजारो चित्रपट पुण्यात आणले. फाळके कुटुंबीयांकडून मिळालेल्या तुकड्यांमुळेच 'कालिया मर्दन' हा १९१९ सालचा मूकपट आज आपल्यापुढे उभा आहे. त्यातला कृष्ण म्हणजे फाळक्यांची चिमुकली मुलगी मंदाकिनी. इतिहासाचार्य राजवाडे गावोगावच्या वाड्यांतून दप्तरांचे रुमाल हुडकत हिंडले, तसेच हे काम. वाड्यांच्या जागी गोदामे होती, एवढाच फरक. नायर २०१६ साली वारले. त्यांचे नाव महाराष्ट्रातल्या किती घरांत ठाऊक असेल, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

आता दुसरी साक्ष. ती ऐकताना माझ्यासारख्या, वस्तू सांभाळावी असे म्हणणाऱ्या माणसाची मान खाली जाते. इतक्या कष्टांनी गोळा झालेल्या ठेव्यावर ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात आग कोसळली. फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील नायट्रेट फितींची कोठी पेटली आणि शेकडो चित्रपटांची रिळे काही तासांत गेली. प्रभातच्या कित्येक चित्रपटांच्या मूळ फितीही त्यांत होत्या. एकाच कोठीत, एका छपराखाली सारे ठेवले की एक ठिणगीही पुरते.

पण मग प्रभातचे चित्रपट आपण आज पाहतो कसे? त्यांच्या नकला झाल्या होत्या म्हणून. नायट्रेटच्या जागी १९५० च्या सुमारास न पेटणारी सुरक्षित फीत आली होती. ज्या चित्रपटांच्या तिच्यावर नकला निघाल्या ते तगले. ज्यांच्या निघाल्या नव्हत्या त्यांची राख झाली. दामले कुटुंबानेही प्रभातचे चित्रपट आपला वारसा म्हणून जपले आणि पुढे कॅसेटी व तबकड्यांच्या रूपाने घरोघरी पोचवले. १९५३ साली प्रभातला टाळे लागले, तरी प्रभातची तुतारी वाजायची थांबली नाही ती यामुळे.

या ठिकाणी 'संत तुकाराम' आठवतो. दामले-फत्तेलालांनी १९३६ साली काढलेला, मुंबईत वर्षाहून अधिक काळ चाललेला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेलेला हा चित्रपट. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा आणि गौरीची जिजाई ज्यांनी पाहिली त्यांना दुसरे तुकोबा आणि दुसरी जिजाई डोळ्यांपुढे आणता येत नाहीत. त्यात गाथा इंद्रायणीत बुडविण्याचा प्रसंग आहे. तुकोबा तेरा दिवस नदीकाठी बसतात आणि वह्या कोरड्या वर येतात. भाविक म्हणतात, देवाने तारल्या. चिकित्सक म्हणतात, अभंग लोकांच्या मुखी होते, संताजी जगनाड्यांसारख्यांनी लिहून घेतले होते, म्हणून गाथा उरली. मला या दोन्ही मतांत भांडण दिसत नाही. एक प्रत बुडाली तरी इतर प्रती गावोगावच्या वह्यांत आणि टाळकऱ्यांच्या कंठांत होत्या. बुडविणाऱ्याला सगळा मुलूख बुडवावा लागला असता. गाथा बुडाल्याची गोष्ट सांगणारा चित्रपट स्वतःही याच मार्गाने तरला आहे.

आता आमच्या भागाकडे वळू. पुण्या-मुंबईत चित्रपट जन्मले आणि मेले, पण मराठवाड्याच्या हाती चित्रपट वस्तू म्हणून कधी होता काय? निजामी राजवटीत आणि १९४८ सालच्या पोलीस कारवाईनंतरही कितीतरी वर्षे तो आमच्याकडे पाहुणाच होता. पत्र्याच्या पेट्यांतून रिळे येत आणि पुढच्या गावी जात. जत्रा-यात्रांतून तंबूतला फिरता सिनेमा येई. तंबू ठोकला जाई, कापडाचा पडदा ताणला जाई, आणि लोक जमिनीवर बसून पडद्याच्या दोन्ही अंगांनी चित्रपट पाहत. उलट बाजूने पाहणाऱ्याला नायक डावखुरा दिसे, पण त्याची तक्रार नसे. ती रिळे शहरांत झिजून मग खेड्यात आलेली असत. गाण्याचे कडवे मध्येच तुटे, मारामारी अर्धीच होई. अशा तुटलेल्या प्रतींवरच आमच्या वडीलपिढीने चित्रपट पाठ केले. महाराष्ट्रातील या फिरत्या सिनेमाच्या शेवटच्या दिवसांवर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' नावाचा माहितीपट निघाला आणि २०१६ साली कान महोत्सवात त्याचा विशेष उल्लेख झाला. गंजलेले प्रोजेक्टर जाऊन त्या तंबूत संगणकीय यंत्र कसे आले, ते त्यात दिसते.

चित्रपट प्रथमच घरातल्या फडताळात येऊन बसला तो व्हिडिओमुळे. १९८२ च्या एशियाड खेळांच्या वेळी रंगीत दूरदर्शन आले आणि त्या दशकात व्हीसीआर गावोगाव पोचले. माझ्या लहानपणी गणपतीच्या दिवसांत वर्गणी काढून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीच्या भाड्याने आणीत. चौकात सतरंज्या पडत आणि पहाटेपर्यंत तीन चित्रपट चालत. पहिला देवाचा, दुसरा दादा कोंडक्यांचा आणि तिसरा कोणता ते बहुतेकांना सांगता येत नसे, कारण ते झोपलेले असत. कॅसेट हातात घेऊन पाहण्याची तेव्हा केवढी अपूर्वाई! ज्या दादांना वडिलांनी तंबूत दुरून पाहिले ते दादा आता पुस्तकाएवढ्या डबीत होते. पुढे सीड्या आल्या. २००७ च्या सुमारास मोझर बेअर नावाच्या कंपनीने चित्रपटाची व्हीसीडी अठ्ठावीस रुपयांना विकायला काढली, तेव्हा शिक्षकाच्या पगारातही घरी चित्रपटांची फळी मांडणे शक्य झाले. सुगीचे हे दिवस थोडेच टिकले. मोबाइलच्या दुकानांत दहा-वीस रुपयांत कार्डात चित्रपट 'भरून' मिळू लागले, २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले, आणि २०१८ साली ती कंपनी दिवाळखोरीत निघाली.

वस्तूचे हे दिवस मी पाहिले आहेत, म्हणून तिचे दोषही सांगतो. कॅसेटीला पावसाळ्यात बुरशी लागते, उंदीर फीत कुरतडतात, सीडीवर ओरखडा उठला की नायिका त्याच शब्दावर अडून बसते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. दगड-मातीच्या भिंती कोसळून हजारो माणसे गेली. जी वाचली त्यांतल्या पुष्कळांचे लग्नातले छायाचित्रही ढिगाऱ्यात गेले. गेलेल्या माणसाचा चेहरा पुन्हा पाहायला घरात कागदाचा कपटा नसावा, हे दुःख आमच्या जिल्ह्याने सोसले आहे. जे एकाच घरात आहे ते त्या घराइतकेच टिकते.

वस्तू शाबूत राहिली तरी दुसरी अडचण उभी राहते. १९९८ साली मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा सुवर्णमहोत्सव झाला. त्या वेळी एका शाळेने परिसरातल्या एका वृद्ध स्वातंत्र्यसैनिकाला बोलावून त्यांच्या आठवणी व्हिडिओवर घेतल्या होत्या. रझाकारांचे दिवस, सरहद्दीवरचे कॅम्प, रात्रीतून गाव सोडून गेलेली कुटुंबे, असे पुष्कळ ते बोलले होते म्हणतात. पुढे ते वारले. अमृतमहोत्सवाच्या वर्षी त्या कॅसेटीची आठवण निघाली. कॅसेट कपाटात नीट होती, वेष्टनावर सुवाच्य अक्षरात नावही होते, पण ती लावायला यंत्र नव्हते. असून अडचण, नसून खोळंबा, तशी गत. व्हीसीआर बनविणारी जगातली शेवटची जपानी कंपनी, फुनाई, हिने २०१६ सालीच ते बनविणे थांबविले होते. पुष्कळ चौकशीनंतर सोलापूरला जुन्या कॅसेटी उतरवून देणारा एक कारागीर मला सापडला. चाळीस मिनिटांपैकी मधली अकरा मिनिटे बुरशीने खाल्लेली होती, नुसत्या पांढऱ्या रेषा. आजोबा बार्शीच्या वाटेला लागतात आणि एकदम भारतीय सैन्य लातुरात आलेले असते. मधे काय झाले, हे सांगणारा माणूसही आता नाही.

ज्यांच्याजवळ वस्तू आहे पण किल्ली नाही, अशांचे एक उदाहरण आपल्याच मराठीत आहे. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहून ठेवले. माहूर-पैठणच्या बाजूच्या मठांतून त्या पोथ्या शेकडो वर्षे अगदी जिवापाड सांभाळल्या गेल्या. वाळवी लागू दिली नाही, ओल लागू दिली नाही. पण लिपीची किल्ली पंथाबाहेर कुणाजवळ नव्हती, म्हणून मराठीतील आद्य गद्य मराठी माणसाला विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत वाचता आले नाही. राजवाडे आणि इतर संशोधकांनी ती लिपी उलगडली आणि 'लीळाचरित्र' लोकांना दिसले. यंत्रावाचून कॅसेट ही अशीच पोथी आहे. उद्या एखाद्या कंपनीच्या कुलपातला चित्रपट, ती कंपनी बंद पडल्यावर, असाच होईल.

यावरून हवेतल्या चित्रपटाची बाजू वाईट असे मात्र कोणी समजू नये. त्या पक्षाची साक्षही तितक्याच मोकळेपणाने घेतली पाहिजे. ज्या 'संत तुकारामा'साठी पूर्वी पुण्याला जावे लागले असते, तो मी आमच्या वर्गात दाखवला आहे. जिजाई बोलू लागली तेव्हा पोरे खदखदून हसली आणि वैकुंठगमनाच्या वेळी गप्प झाली. हे फितीच्या काळात खेड्यात शक्य नव्हते. फितीची नकल काढली की मुळातले थोडे निसटते, नकलेची नकल आणखी पुसट होते. संगणकीय नकलेचे तसे नाही. हजारावी नकलही पहिलीसारखीच येते. सरकारने राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियान नावाने सुमारे ५९७ कोटी रुपयांची योजना आखली. जुन्या फितींवरचे ओरखडे काढून त्या संगणकात उतरविण्याचे काम त्यात चालले. २०२२ साली पुण्याचे संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले आणि ते काम त्या छत्राखाली गेले. हे सारे स्वागतार्हच आहे.

पण या पक्षाचे दोन दोष विसरून चालणार नाही. पहिला मालकीचा. मोबाइलवर पैसे भरून आपण चित्रपट 'विकत' घेतो, तेव्हा बहुधा आपण पाहण्याची परवानगी तेवढी घेतलेली असते. करार संपला की चित्रपट त्या दुकानातून नाहीसा होतो आणि आपण काही करू शकत नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याला यासाठी कायदा करावा लागला. ही खरेदी नसून परवाना आहे, असे विक्रेत्याने गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितले पाहिजे, असे तो सांगतो. १ जानेवारी २०२५ पासून तो लागू आहे. ज्या नेटफ्लिक्स कंपनीने टपालाने डीव्हीडी पाठवून नाव कमावले, तिनेही ती टपालसेवा २९ सप्टेंबर २०२३ रोजी बंद केली. भाड्याचे घर वाईट नसते. पण घरमालक कधीच घर रिकामे करा म्हणणार नाही, असे समजून भाडेकरूने राहू नये.

दुसरा दोष टिकण्याचा. संगणकातले चित्र दिसत नाही आणि झिजत नाही, म्हणून ते अमर आहे असा भास होतो. वास्तविक त्या तबकड्या काही वर्षांत मान टाकतात, आणि सगळे पुन्हा नव्या यंत्रात उतरवावे लागते. हे पाणी भरणे कधी संपत नाही. हॉलिवुडच्या ऑस्कर अकादमीने २००७ साली हिशेब मांडला, तेव्हा संगणकीय मूळ प्रत जपण्याचा वार्षिक खर्च फितीच्या दहा पटींहून अधिक निघाला. म्हणून तिकडच्या बड्या कंपन्यांनी संगणकावर काढलेले चित्रपटही जपून ठेवण्यापुरते फितीवर उतरविले. आणि चूक तर क्षणाची असते. १९९८ साली 'टॉय स्टोरी २' हा चित्रपट तयार होत असता कोणाच्या तरी हातून एक चुकीची आज्ञा गेली आणि संगणकातून चित्रपट भराभर पुसला जाऊ लागला. राखीव नकल काढली तर तीही बिघडलेली. बाळंतपणाच्या रजेत घरून काम करणाऱ्या एका बाईंच्या घरच्या संगणकात एक प्रत होती, तिने तो तारला. एवढी थोर कंपनी, एवढी यंत्रे, आणि वेळेला उपयोगी पडली ती घरातली प्रत!

आता निवाडा. इतिहास मला असे सांगतो की फीत की तबकडी, कॅसेट की मोबाइल, हा प्रश्नच दुय्यम आहे. फाळक्यांची रिळे गेली, कारण ती कोणी ठेवली नाहीत. पुण्यातली ठेवलेली रिळे गेली, कारण ती एकाच ठिकाणी होती. आजोबांची अकरा मिनिटे गेली, कारण पंचवीस वर्षे कोणी नकल काढली नाही. आणि गाथा उरली ती पुष्कळ हातांत होती म्हणून. जुने पोथीलेखक ग्रंथ संपला की शेवटी हात जोडून लिहीत, ही पोथी तेलापासून राखा, पाण्यापासून राखा, सैल बांधणीपासून राखा, आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. त्यांना ठाऊक होते की लिहिणाऱ्याचे काम तेथे संपते आणि राखणाऱ्याचे सुरू होते.

म्हणून घरातल्या दोन्ही पक्षांना माझे सांगणे एकच. 'माहेरची साडी'ची कॅसेट टाकली तरी तो चित्रपट मरणार नाही. त्याला जपणारे पुष्कळ आहेत. ठेवावीशी वाटली तर आवडीने ठेवा, माझ्याही फळीवर दोन-चार आहेतच. पण जी कॅसेट दुकानात कधीच विकायला नव्हती तिचे काय? आजीचे जात्यावरचे गाणे, गावच्या सप्ताहातले कीर्तन, शाळेच्या संमेलनातले नाटुकले, लग्नात नारळ घेऊन उभे असलेले आणि आता नसलेले मामा, यांच्यासाठी कुणी नायर येणार नाहीत. पुण्याचे संग्रहालय किंवा अमेरिकेची कंपनी ते जपणार नाही. ते यंत्र आहे तोवर उतरवून घेतले पाहिजे, आणि एकाच मोबाइलात ठेवून निश्चिंत होता कामा नये. एक प्रत आपल्या घरी, एक बहिणीच्या घरी आणि एक परगावी असलेल्या मुलाकडे असावी. दर चार-पाच वर्षांनी ती उघडून पाहावी आणि नव्या यंत्रात चढवावी. मूळ कॅसेटही फेकू नये. खर्च एका साडीहूनही कमी येतो.

आजोबांच्या उरलेल्या एकोणतीस मिनिटांच्या आम्ही चार प्रती केल्या आहेत. एक शाळेत आहे, एक त्यांच्या नातवाकडे, एक माझ्याकडे, आणि एक आठवीतल्या एका मुलीने मागून नेली. आपल्या पणजोबांनाही तेव्हा गाव सोडावे लागले होते, असे ती म्हणाली. गाव करी ते राव न करी, ही म्हण आपल्याकडे उगाच पडलेली नाही.